आज्ञावली चालती ठेवण्याची विद्या
भंडारा जिल्ह्यातील तरुण संगणकतज्ज्ञांसाठी डेव्हऑप्स व क्लाऊडच्या अभ्यासाची दिशा

भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सात तालुक्यांतील शेतकऱ्याचे वर्ष पऱ्हे, रोवणी, निंदण आणि कापणी यांच्या चक्रात फिरत आले आहे. गेल्या काही वर्षांत या चक्राला आणखी एका हंगामाची जोड मिळाली आहे. तो हंगाम म्हणजे नोंदणीचा. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करू लागला. आधारभूत किमतीने धान विकावयाचे तर ऑनलाइन नोंदणी करणे आवश्यक ठरले. दाखले, प्रमाणपत्रे आणि अर्ज यांचा प्रवासही आता ‘आपले सरकार’ केंद्रातील संगणकातूनच होतो.

या व्यवस्थेमुळे जिल्ह्याच्या ठिकाणी माराव्या लागणाऱ्या खेपा कमी झाल्या, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द खेड्यापाड्यांतील बोलीत रूढ झाले, हेही तितकेच खरे. नोंदणीच्या अखेरच्या दिवशी पडद्यावरचे चक्र नुसतेच फिरत राहिले, तर शेतकऱ्याच्या एका हंगामाच्या विक्रीचा प्रश्न निर्माण होतो. पडद्यामागे काय बिघडले, हे केंद्रचालकास ठाऊक नसते आणि ग्रामपंचायतीसही ठाऊक नसते. पुष्कळदा ज्याने ती आज्ञावली लिहिली त्यालाही ते सांगता येत नाही. कारण आज्ञावली लिहिणे ही एक विद्या आहे आणि लिहिलेली आज्ञावली हजारो लोकांसाठी अहोरात्र चालती ठेवणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येचा अभ्यास कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बांधणारे आणि राखणारे

हा विषय भंडारा जिल्ह्याला मुळातच परका नाही. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यात मालगुजारी तलाव या नावाने ओळखले जाणारे हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले. साकोली तालुक्यातील शिवनीबांध आणि आता गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांध ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. या तलावांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या व्यवस्थापनात होते. तलाव ज्याच्या शेताला पाणी देई, तोच त्याची पाळ दुरुस्त करी आणि गाळ काढी. पाणी वाटण्यासाठी पाणकर नेमलेला असे. पाळीला कोठे पाझर फुटला हे गावाला तत्काळ कळे, कारण त्याचा परिणाम गावालाच भोगावा लागे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी पद्धत संपुष्टात आली. कसणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पाऊल न्याय्यच होते. परंतु तलावांची मालकी शासनाकडे गेल्यानंतर त्यांच्या देखभालीची जबाबदारी निरनिराळ्या यंत्रणांत विभागली गेली. वापरणारा एक, दुरुस्त करणारा दुसरा आणि निधी देणारा तिसरा, अशी स्थिती झाली. अनेक तलाव गाळाने भरले. पुढे त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र कार्यक्रम हाती घ्यावे लागले.

संगणकाच्या क्षेत्रातही नेमके हेच घडले होते. मोठ्या संस्थांमध्ये आज्ञावली लिहिणाऱ्यांचा विभाग वेगळा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा विभाग वेगळा असे. पहिल्या विभागाला नवे बदल लवकर हवे असत, तर दुसऱ्याला बदल नकोच असत, कारण प्रत्येक बदलाबरोबर बिघाडाची शक्यता येई. बिघाड झाला की दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवीत. ही दरी बुजविण्यासाठी बेल्जियममधील पॅट्रिक देब्वा यांनी २००९ साली गेंट येथे एक परिषद भरविली. ‘डेव्हलपमेंट’ म्हणजे निर्मिती आणि ‘ऑपरेशन्स’ म्हणजे संचालन, या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘डेव्हऑप्स’ हा शब्द रूढ झाला. डेव्हऑप्स हे कोणत्याही एका यंत्राचे किंवा पदाचे नाव नव्हे. बांधणाऱ्याने राखण्याची जबाबदारीही उचलावी आणि राखणाऱ्याचा अनुभव बांधणीच्या वेळीच विचारात घ्यावा, अशी ती कार्यपद्धती आहे.

क्लाऊड म्हणजे काय

क्लाऊड या शब्दाभोवती विनाकारण गूढ निर्माण झाले आहे. दूरच्या इमारतीतील संगणक, साठवण व नेटवर्क गरजेपुरते भाड्याने घेणे आणि वापराच्या प्रमाणात पैसे देणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली केलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. तीत सेवेचे तीन प्रकार सांगितले आहेत.

धानाच्या शेतीवरून हे तीन प्रकार चटकन समजतात. पहिल्या प्रकारात रिकामी बांधी खंडाने मिळते. नांगरणी, चिखलणी, रोवणी सर्व आपणच करावयाची. येथे भाड्याचा संगणक मिळतो आणि त्यावरील सर्व व्यवस्था आपली असते. दुसऱ्या प्रकारात चिखलणी होऊन पाणी भरलेली बांधी मिळते. आपण फक्त आपले पऱ्हे आणून रोवायचे, म्हणजे केवळ आपली आज्ञावली आणून चालवायची. तिसऱ्या प्रकारात शिजलेला भात ताटात येतो. येथे तयार सेवा केवळ वापरावयाची असते. ईमेल हे त्याचे परिचित उदाहरण होय. कोणत्या प्रकारात कोणती जबाबदारी आपल्याकडे राहते, हे ओळखणे हा क्लाऊडच्या अभ्यासाचा पहिला धडा आहे. बांधी खंडाने घेऊन कोणी निंदणाची अपेक्षा मालकाकडून करू लागला, तर पिकाऐवजी तणच हाती येईल.

भारतात या दिशेने पायाभूत काम झालेले आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची शाखा प्रत्येक जिल्ह्यात आहे. केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली या केंद्राची राष्ट्रीय क्लाऊड सेवा २०१४ साली सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडविषयीचे धोरण जाहीर केले. ॲमेझॉन व गुगल या कंपन्यांची क्लाऊड केंद्रे मुंबईत आणि मायक्रोसॉफ्टचे केंद्र पुण्यात आहे. यंत्रे जवळ आली आहेत. ती जाणतेपणाने चालविणारे हात आता तयार व्हावयास हवेत.

अभ्यासाच्या पायऱ्या

या क्षेत्रात उपकरणांची नावे इतकी आहेत की नवशिक्या विद्यार्थी ती पाठ करण्यातच गुंतून पडतो. एखाद्या परीक्षेचे प्रमाणपत्र मिळवूनही बंद पडलेला सर्व्हर त्याला सुरू करता येत नाही. म्हणून अभ्यासाचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी लिनक्स व नेटवर्क यांची. जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. कोणते काम किती स्मृती व्यापीत आहे, कोणती धारिका कोणास वाचता येते, डिस्क किती भरली आहे आणि यंत्राने स्वतःविषयी लिहिलेल्या नोंदी कोठे सापडतात, हे विद्यार्थ्यास अंधारातही सांगता आले पाहिजे. त्यासोबत संकेतस्थळाचे नाव अंकी पत्त्यात कसे रूपांतरित होते, विनंती कोणत्या दारातून आत शिरते आणि सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली तर काय होते, हेही कळले पाहिजे. ‘सर्व्हर डाऊन’ या सरधोपट निदानामागे पुष्कळदा भरून गेलेली डिस्क, मुदत संपलेले प्रमाणपत्र किंवा नावाच्या नोंदीतील चूक यांपैकीच काही असते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत, ही जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

दुसरी पायरी बदलांच्या शिस्तीची. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले ‘गिट’ हे साधन आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. कोणी, केव्हा, काय बदलले हे महसुली फेरफारासारखे मागे जाऊन पाहता येते. यावरच स्वयंचलित तपासणीची पद्धत उभी असते. बदल दाखल होताच चाचण्या आपोआप व्हाव्यात आणि त्या उत्तीर्ण झाल्यावरच नवी आवृत्ती सर्व्हरवर जावी, अशी साखळी ‘जेनकिन्स’, ‘गिटलॅब’ किंवा ‘गिटहब’ यांच्या साहाय्याने उभारता येते. बदल लहान असावेत आणि ते वारंवार करावेत, हा या पद्धतीचा गाभा आहे. सहा महिन्यांचे बदल एका रात्रीत चढविले, तर बिघाड नेमका कशामुळे झाला हे शोधणे दुष्कर होते. एका दिवसाचा लहानसा बदल मात्र काही मिनिटांत मागे घेता येतो.

तिसरी पायरी कंटेनरची. ‘माझ्या संगणकावर चालत होते’ ही आज्ञावलीकारांची जुनी सबब. आज्ञावली आणि तिला लागणारी सर्व सामग्री एकाच बंद गाठोड्यात बांधून दिली, तर ते गाठोडे साकोलीतील संगणकावर आणि मुंबईतील सर्व्हरवर सारखेच उघडते. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने ही पद्धत लोकप्रिय केली. अशी शेकडो गाठोडी अनेक यंत्रांवर वाटून देणारे आणि एखादे बंद पडल्यास दुसरे उभे करणारे ‘कुबरनेटिस’ हे साधन गुगलने २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. ते शक्तिमान असले तरी गुंतागुंतीचे आहे. दोन यंत्रांवर भागणाऱ्या कामासाठी त्याचा घाट घालणे म्हणजे परसातील वाफ्यासाठी धरण बांधणे होय. डॉकर पक्के झाल्यावरच विद्यार्थ्याने त्याकडे वळावे.

चौथी पायरी लिखित आराखड्याची. सर्व्हर हाताने मांडला तर त्याची मांडणी मांडणाऱ्याच्या डोक्यात राहते आणि त्याची बदली झाली की तीही त्याच्याबरोबर जाते. ‘टेराफॉर्म’, त्याचे पूर्णतः मुक्त रूप असलेले ‘ओपनटोफू’ आणि ‘अन्सिबल’ यांसारख्या साधनांनी सर्व मांडणी आज्ञांच्या स्वरूपात लिहून ठेवता येते. यंत्र जळाले तरी त्या लेखावरून तसेच दुसरे यंत्र उभे राहते. शासकीय कामकाजात बदल्या नित्याच्या असल्याने या पायरीचे महत्त्व तेथे अधिकच आहे.

पाचवी पायरी देखरेखीची. ‘प्रोमिथियस’ व ‘ग्राफाना’ ही मुक्त साधने यंत्राच्या प्रकृतीचे आलेख दाखवितात. किती विनंत्या आल्या, किती फसल्या, उत्तरास किती वेळ लागला आणि यंत्रावर किती भार आहे, ही चार मापे प्रथम घ्यावीत. नागरिकाची तक्रार येण्यापूर्वी बिघाड कळणे, ही देखरेखीची कसोटी आहे.

गर्दीचा दिवस

लोकसेवांच्या बाबतीत भाराचा प्रश्न विशेष बिकट असतो. वर्षभर तुरळक वापर आणि शेवटच्या दोन दिवसांत झुंबड, हे त्यांचे स्वरूप आहे. क्लाऊडमध्ये गर्दीच्या वेळी यंत्रे वाढविता व नंतर कमी करता येतात. परंतु केवळ यंत्रे वाढवून भागत नाही. सर्व यंत्रे अखेर एकाच माहितीसाठ्याकडे धाव घेत असतील, तर कोंडी तेथेच होते. कालवा तेवढाच ठेवून तोंड रुंद करण्यासारखेच ते आहे.

यावर एक उपाय रांगेचा. विनंती आली की ती तत्काळ नोंदवून घ्यावी, नागरिकास पोचक्रमांक द्यावा आणि प्रत्यक्ष प्रक्रिया माहितीसाठ्यास झेपेल त्या वेगाने मागाहून पूर्ण करावी. तलाव हेच तर करतो. दोन दिवसांत कोसळलेला पाऊस तो साठवून ठेवतो आणि शेताला झेपेल त्या गतीने सोडतो. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात जाईल, अशी साखळी पूर्वजांनी या भूभागात रचली होती. भार पेलण्याची रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ती एकदा डोळसपणे पाहावी.

योग्य पूर्वतयारी असेल तर आपल्या देशातील यंत्रणा मोठी गर्दी पेलू शकते. १७ सप्टेंबर २०२१ रोजी कोविड लसीकरणाच्या एकाच दिवसात अडीच कोटींवर मात्रांची नोंद ‘कोविन’ प्रणालीवर झाली होती.

येथे सेवेच्या उपलब्धतेची टक्केवारीही नीट समजून घेतली पाहिजे. वर्षाचे तास ८,७६०. सेवा ९९ टक्के उपलब्ध राहील असे म्हटले, तर ती वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहू शकते. ९९.९ टक्के म्हटले, तर सुमारे पावणेनऊ तास. आता हे पावणेनऊ तास नेमके नोंदणीच्या अखेरच्या दिवशी आले असे समजू. वर्षाच्या अहवालात ९९.९ टक्के हा आकडा अबाधित राहील आणि करारही मोडणार नाही. पण त्या दिवशी केंद्रासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या लेखी ती उपलब्धता शून्य असेल. म्हणून वार्षिक सरासरीबरोबरच मुदतीच्या दिवसांसाठी वेगळे माप ठरविणे आवश्यक आहे आणि आज्ञावलीकारानेही गर्दीची कृत्रिम चाचणी अगोदर घेणे आवश्यक आहे.

बिघाडांपासून शिक्षण

या विद्येतील उत्तम पाठ्यपुस्तके म्हणजे मोठ्या बिघाडांचे प्रसिद्ध झालेले अहवाल. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री दुरुस्ती करताना दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. चूक ध्यानात आली तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते. राखीव प्रतींकडे धाव घेतली असता त्या घेणारी नित्याची व्यवस्था बंद पडली असल्याचे आढळले. तशी सूचना देणारी पत्रेही पोहोचत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत मिळाली, म्हणून उरलेली माहिती वाचली. कंपनीने हा सारा वृत्तांत जगापुढे मांडला आणि एका व्यक्तीवर ठपका ठेवण्याऐवजी व्यवस्थेतील उणिवा सुधारल्या.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या साठवण सेवेत एका आज्ञेतील चुकीमुळे ठरल्यापेक्षा अधिक सर्व्हर बंद झाले आणि सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे ठप्प झाली. सेवेची स्थिती दाखविणारा ॲमेझॉनचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून असल्याने त्यावर बिघाडाची माहिती देता येईना. पहारेकरी ज्या घराची राखण करतो त्याच घरात कोंडला जाऊ नये, हा त्यातील धडा.

शासकीय यंत्रणांसाठी सर्वांत गंभीर उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. शासनाच्या ७०९ प्रणाली थांबल्या. कर्मचाऱ्यांच्या कार्यालयीन कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला, कारण त्याची अन्यत्र राखीव प्रत नव्हती. संगणकविद्येत अग्रेसर असलेल्या राष्ट्रावर ही वेळ आली.

या तिन्ही घटनांवरून एक नियम निघतो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी असावी. शिवाय जी राखीव प्रत पुन्हा उभी करून पाहिलेली नाही, ती प्रत आहे असे समजू नये.

सुरक्षितता हा याच अभ्यासाचा भाग आहे. प्रत्येकास कामापुरताच अधिकार देणे, गुप्तशब्द आज्ञावलीत न लिहिणे आणि साधने अद्ययावत ठेवणे, या सवयी प्रारंभापासून लागाव्यात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार निर्दिष्ट प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत कळविणे आणि यंत्रनोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदाही केला आहे.

चोवीस आठवड्यांचा प्रत्यक्ष पाठ

ही विद्या वाचून येत नाही. एखादी लहानशी सेवा स्वतः उभारून ती चालती ठेवावी लागते. तंत्रनिकेतनातील किंवा संगणकशास्त्राच्या पदवीवर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांचा गट पुढीलप्रमाणे अभ्यास करू शकेल. त्यासाठी आठ गिगाबाइट स्मृतीचा एखादा जुना संगणक पुरेसा आहे.

विषय जिल्ह्यातीलच घ्यावा, उदाहरणार्थ गावातील तलावांची दररोजची पाणीपातळी नोंदविणारी सेवा. नागरिकांची खरी वैयक्तिक माहिती सरावासाठी कधीही वापरू नये. पहिल्या सहा आठवड्यांत संगणकावर लिनक्स बसवून सेवा साध्या रीतीने सुरू करावी. सातव्या ते बाराव्या आठवड्यात ती गिटवर आणून चाचण्यांची साखळी जोडावी आणि डॉकरमध्ये बांधावी. तेराव्या ते अठराव्या आठवड्यात हीच सेवा लिखित आराखड्याच्या साहाय्याने एखाद्या क्लाऊडवर उभारावी. क्लाऊड कंपन्या नवशिक्यांना काही सेवा मर्यादित प्रमाणात विनामूल्य देतात. परंतु मोटारपंप चालू राहिला की विजेचे मीटर फिरत राहते, तसेच येथेही आहे. म्हणून खाते उघडताच खर्चमर्यादेची सूचना लावावी आणि काम संपताच यंत्रे बंद करावीत.

अखेरचे सहा आठवडे सर्वांत मोलाचे. या काळात दर आठवड्यास गटातील एकाने सेवेत मुद्दाम बिघाड करावा आणि इतरांनी तो शोधून दुरुस्त करावा. पहिल्या आठवड्यात डिस्क भरून टाकावी, दुसऱ्यात प्रमाणपत्राची मुदत संपू द्यावी, तिसऱ्यात नेटवर्क तोडावे, चौथ्यात कृत्रिम गर्दी सोडावी आणि पाचव्यात माहितीसाठा पुसून तो राखीव प्रतीवरून उभा करावा. सहाव्यात संपूर्ण यंत्रच नष्ट झाले असे मानून आराखड्यावरून नवे उभारावे. बिघाड कळण्यास किती मिनिटे लागली आणि सेवा पूर्ववत होण्यास किती, याची नोंद ठेवावी. काय घडले, का घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केले, याचा एक पानी अहवाल साध्या मराठीत लिहावा. त्यात दोषी व्यक्तीचा शोध नसावा. नोकरीच्या मुलाखतीत असे सहा अहवाल कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच बोलके ठरतील.

सोबतीला सिद्धान्ताचा अभ्यासही हवा. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतर्फे एनपीटीईएलवर दिला जाणारा क्लाऊड संगणनाचा पाठ्यक्रम आंतरजालावर विनामूल्य पाहता येतो. भंडाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूर येथे मिहान परिसरात संगणक कंपन्या कार्यरत असल्याने तेथील अनुभवी अभियंत्यांची व्याख्याने महाविद्यालयांना आयोजित करता येतील.

अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांचे कार्य

या विषयाचे तांत्रिक ज्ञान नसलेली व्यक्तीही त्यात मोलाची भर घालू शकते. नवी संगणक प्रणाली स्वीकारताना अधिकाऱ्याने काही साधे प्रश्न विचारावेत. राखीव प्रत कोठे आहे आणि ती शेवटची उभी करून कधी पाहिली? गर्दीच्या दिवसासाठी चाचणी झाली आहे काय? रात्री बिघाड झाल्यास कोणास कळते आणि किती वेळात? कंत्राटदार बदलल्यास मांडणीचा लिखित आराखडा शासनाकडे राहील काय? या प्रश्नांची उत्तरे करारात उतरली, तर देखभाल हा खर्चाच्या तक्त्यातील शेवटचा रकाना राहणार नाही.

शिक्षकांनी परीक्षेत केवळ आज्ञावली लिहून न घेता बंद पडलेली सेवा सुरू करून दाखविण्यासही गुण ठेवावेत. पंचायत सदस्यांनी केंद्रावर सेवा बंद पडल्याची तारीख, वेळ आणि पडद्यावर दिसलेला संदेश यांची नोंदवही ठेवण्यास सांगावे. ‘सर्व्हर चालत नाही’ या मोघम तक्रारीपेक्षा ‘अमुक दिनांकास सकाळी ११ ते १ या वेळेत नोंद जतन करताना सेवा थांबली’ ही नोंद अभियंत्यास नेमक्या जागी नेते. गावात ठेवलेली अशी वही हा देखरेख व्यवस्थेचाच एक भाग आहे.

नव्या सेवेचे उद्घाटन एका दिवसात होते. तिची परीक्षा मात्र दर हंगामात होत असते. मालगुजारी तलावांपैकी जे आजही पाणी देतात, ते मुख्यतः त्यांची पाळ कोणीतरी वेळोवेळी पाहत आल्यामुळे. जिल्ह्यातील तरुणांनी आज्ञावली लिहिण्याबरोबर ती राखण्याचीही विद्या आत्मसात केली, तर त्यांना रोजगाराचे एक नवे दालन खुले होईल. आणि नोंदणीच्या अखेरच्या दिवशी केंद्रावर आलेला शेतकरी पोच घेऊन कापणीला परत जाईल.